"पोरगं कुणाजवळ होतं?" : मूल गेलेल्या घरात काय करावं, काय टाळावं

घरातलं मूल गेलं की रडारडीतच एक प्रश्न उठतो: "पोरगं कुणाजवळ होतं?" विचारणारी बाई वाईट नसते, तिलाही धक्का बसलेला असतो. पण उत्तरात घरातल्या एका माणसाचं नाव येतं आणि पुढं कित्येक वर्षं ते निघत नाही. बहुतेक वेळा आईचं. मूल आजीजवळ होतं तर आजीचं. बापाचं क्वचित, आणि आलंच तर मागनं, कुजबुजीत.

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात उपकेंद्रावर नर्स होते, आता निवृत्त आहे. पाच वर्षांखालचं मूल दगावलं की आशाताई कळवते, आणि नर्सनं त्या घरी जाऊन बालमृत्यू अन्वेषणाचा फॉर्म भरायचा असतो. म्हणजे आधीच सगळे खोदून विचारतायत, त्या घरात कागद-पेन घेऊन आणखी विचारायला जाणारी मी. त्या कामातनं जे उमगलं ते लिहिते. आई-बापांसाठी हे नाही, पहिल्या महिन्यात त्यांना वाचायचं त्राण नसतं. घरातलं जे कुणी धड उभं आहे त्याच्यासाठी आहे. चुलत दीर असेल, मामा असेल, थोरली जाऊ असेल, नाहीतर भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण.

ओसरीवर एक, आत एक

लहान मुलाला आपल्याकडं बरेच जण पुरतात, दिवसही थोडकेच पाळतात. भेटायला येणारी माणसं मात्र कमी होत नाहीत. पाहुणे कवठेमहांकाळहून येतात, जतहून येतात, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असतं.

म्हणून ओसरीवर एक जाणता माणूस बसवा. आलेल्याला त्यानं तिथंच दोन वाक्यांत सांगायचं: काय झालं, कधी झालं. आणि वर एवढंच: "आत गेल्यावर काही विचारू नका, नुसतं बसा." लोक ऐकतात. बोलायचं काय हे त्यांनाही कळत नसतं, कुणी सांगितलं तर उलट बरं वाटतं.

आतलं काम जास्त अवघड आहे. बायका गळ्यात पडून हेल काढून रडतात, आणि त्या हेलात शब्द येतात. "कशी गं घडीभर नजर हटली, कसं गं तुला कळलं न्हाई..." म्हणणारीच्या मनात माया असते. ऐकणाऱ्या आईला मात्र तो भरल्या घरात दिलेला निकाल वाटतो. आईजवळ एक धीट बाई बसवा, बहीण असेल तर उत्तम. असे शब्द सुरू झाले की तिनं त्या बाईच्या पाठीवर हात ठेवून "चला मावशी, पाणी घ्या" म्हणून उठवायचं. कुणाला राग आला तर येऊ द्या.

मूल तान्हं असेल तर एक गोष्ट कुणीच बोलत नाही, म्हणून मीच बोलते. बाळ गेलं तरी दूध येतं. जन्मल्या जन्मल्या गेलं तरी दोन-चार दिवसांत छाती भरते, दगडासारखी होते, आणि भेटायला आलेल्या बायकांसमोर त्या पोरीचं पोलकं ओलं होतं. तिला ते सांगायची लाज वाटते. तिला नीट बसणारी आधाराची बॉडी द्या, पण करकचून फडकं बांधू नका. गार पाण्याच्या घड्या ठेवा. फार ठणकलं तर आराम पडण्यापुरतंच दूध काढायचं, पूर्ण रिकामं केलं की आणखी येतं. दूध आटवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच. छाती लाल झाली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सुतकात बाहेर काढायचं नाही असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

कागदपत्रं दिरावर सोपवा

अपघाती मृत्यू असेल तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतं. पंचनामा, शवविच्छेदन, मग जबाब. जबाबात हवालदार विचारतो: तुम्ही कुठं होता, मूल कुठं होतं, शेवटचं कुणी पाहिलं. घरच्यांना वाटतं आपल्यावर केस होतीय. आधीच सांगून ठेवा की हे सगळ्यांनाच विचारतात, मृत्यूचं कारण नोंदवण्यासाठी विचारतात. आईचा जबाब घरी येऊन घ्यावा, दोन दिवस थांबून घ्यावा, अशी विनंती मामानं नाहीतर दिरानं करावी.

"आता चिरफाड नको" असं म्हातारी माणसं कळवळून म्हणतात, ते मी समजू शकते. तरी माझं मत शवविच्छेदन व्हावं असंच आहे. मुळात अशा मृत्यूत ते घरच्यांच्या मर्जीवर नसतं. आणि कारण कागदावर आलं की "काहीतरी वेगळंच झालं असणार" ही गावातली चर्चा थांबते, जिचा त्रास पुढं सुनेलाच होणार असतो.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची. आईला सहीसाठी तिथं उभं करू नका. रेशनकार्ड, अंगणवाडी, शाळेचा पट, सगळीकडं कळवा, नाहीतर महिन्यानं लसीकरणाचा मेसेज येतो आणि तो तिच्याच मोबाईलवर येतो. मूल शाळेत जाणारं असेल तर पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मुख्याध्यापकांना भेटा. पण पैशाचा विषय आई-बापापुढं पहिल्या महिन्यात काढायचा नाही.

मूल दवाखान्यात गेलं असेल तर सगळा राग डॉक्टरवर जातो, कधी रास्त असतो, कधी नसतो. गेटवर दंगा करून काही कळत नाही. उपचाराच्या कागदांची लेखी मागणी करा. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे ते 72 तासांत द्यावे लागतात. मग ते कागद दुसऱ्या, ओळखीच्या बालरोगतज्ज्ञापुढं ठेवा आणि शांतपणे विचारा: आधी आणलं असतं तर फरक पडला असता का? ह्या एका प्रश्नावर कितीतरी घरं आतल्या आत पेटलेली असतात. "मी सकाळीच म्हणत होते दवाखान्यात न्या" असं एक जण म्हणत असतं आणि दुसरं ऐकत असतं. उत्तर "हो" आलं तरी ते डॉक्टरच्या तोंडून आलेलं बरं, सासूच्या तोंडून नको.

त्या दिवसाची हकीकत, सगळ्यांनी मिळून, एकदा

मला सांगायचंय ते मुख्यतः हेच.

फॉर्ममध्ये "का" असा प्रश्न नसतो. कधी आजारी पडलं, मग काय केलं, मग कुठं नेलं, किती वाजता पोचलात, मग? असं क्रमानं जायचं असतं. पहिल्यांदा मला तो रुक्ष कारभार वाटायचा. पण घरातली सगळी माणसं समोर असताना फॉर्म भरला की एक गोष्ट दिसायची. आपल्याला सगळं माहीत आहे असं प्रत्येकाला वाटत असतं, आणि प्रत्येकाजवळ त्या दिवसाचा एकच तुकडा असतो. उरलेली जागा त्यानं मनानं भरलेली असते. दोष बसतो तो त्या भरलेल्या जागेत.

एक घर सांगते. गाव सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. अडीच वर्षांचा मुलगा शेततळ्यात गेला. आई बेदाणा निवडायला शेडवर होती. घरी सासू, सासरे आणि आठ वर्षांची नात. महिनाभर सून सासूशी एक अक्षर बोललेली नव्हती. सासू काही खात नव्हती, पण ती थोरली, तिला "जेव" म्हणणार कोण?

एका सकाळी न्याहारी झाल्यावर बसवलं सगळ्यांना. सुरुवात पहाटेपासून केली. पोरानं काय खाल्लं इथपासून. हळूहळू कळत गेलं. मूल झोपलेलं होतं, सासू ते बघूनच परसात गेली. नातीला वाटलं आजी आत आहे. सासऱ्यांनी मोटर चालू करायला तळ्याचं फाटक उघडलं आणि नुसतं लोटलं. बापाला दिवाळीपासून माहीत होतं की कुंपणाची एक बाजू सुटलीय. द्राक्षाच्या कामात ते राहून गेलं. आणि सुनेनं जाताना "आज येताना पेढे आणते" म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं पोर उठल्या उठल्या तिला शोधायला बाहेर पडलं असणार, असं ती स्वतःशीच धरून बसली होती. हे तिनं त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. घरातलं प्रत्येक माणूस आपल्याच हातून झालं असं समजत होतं, आणि ते बोलायला नको म्हणून दुसऱ्याचं नाव घेत होतं.

मग दीर म्हणाला, "आईला मीच ओढून काढली की पाण्यातनं." सासू पोहता येत नसताना लुगड्यासकट तळ्यात उतरली होती. सुनेला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी तिला शेडवरनं थेट दवाखान्यात नेलं होतं, मग ती बेशुद्धच होती, आणि नंतर कुणी सांगितलंच नाही.

दोघी गळ्यात पडून रडल्या, असं काही झालं नाही. सून उठून आत गेली. पण दोन-तीन दिवसांनी सासूशी बोलायला लागली, कामापुरतं. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

हे तुम्हाला घरात करता येतं. दिवस उरकून पाहुण्यांची गर्दी ओसरली की करा, फार महिने लोटू देऊ नका. सकाळी बसा, संध्याकाळी बसू नका, संध्याकाळी कुणीतरी प्यालेलं असायची शक्यता असते. त्या दिवशी जे हजर होते तेच बसतील, गावचे पुढारी आणि सल्ला देणारे काका नकोत. सगळ्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकानं विचारायचं, आणि विचारायचं फक्त "मग काय झालं?" मध्ये कुणी "पण तू तेव्हा..." म्हणून उसळलं तर "तुमची पाळी आली की सांगा" म्हणायचं. सुरुवात अपघाताच्या खूप आधीपासून आणि शेवट रात्रीवर. मूल गेलं त्या क्षणावर थांबलं तर सगळे तिथंच अडकून राहतात. निकाल काढायचा नाही. एखादं मधूनच उठून गेलं तर जाऊ द्या, पुन्हा एखाद्या दिवशी बसा. नवरा-बायकोत आधीपासून मारहाण असेल तर मात्र हे घरच्या घरी करू नका, समुपदेशक बरोबर पाहिजे.

बुडण्याच्या बाबतीत एक माहिती सगळ्यांना द्या, कारण "एवढं जवळ असून आवाज कसा आला नाही?" हा प्रश्न आजीला जन्मभर खातो. पाण्यात गेलेलं लहान मूल ओरडत नाही. तोंड पाण्याखाली असताना ओरडायला श्वासच नसतो. हातपायही फार आपटत नाही, आणि सगळं काही मिनिटांत होतं. शेततळं तीन मीटर खोल असतं, त्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला, शेवाळ धरलं की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. आवाज आला नाही कारण आवाज झालाच नव्हता.

खरंच कुणाच्या हातून झालं असेल तर

ट्रॅक्टर मागं घेताना चुलत्याच्या चाकाखाली पुतण्या आला. असं होतं, आपल्या भागात होतं. इथं लोक त्याला समजावतात, "तुझी काही चूक नाही रे." तो ऐकतो, मान हलवतो, आणि त्याला कळतं की हे खोटं बोलतायत. चाक त्याचंच होतं. ह्या वाक्यानं तो आणखी एकटा पडतो, कारण आता खरं बोलायला त्याच्याजवळ कुणी उरत नाही.

त्यापेक्षा सरळ बोला. "तुझ्या हातनं झालं. तू मुद्दाम केलं नाहीस, हे आम्हाला माहीत आहे. तू ह्या घरातलाच आहेस." हे घरातल्या थोरल्यानं म्हणावं, चारचौघांत म्हणावं. गेलेल्या मुलाच्या आई-बापाकडनं मात्र हे वदवून घेऊ नका. माफी हा त्यांचा विषय आहे. एका वर्षात करतील, दहा वर्षांत करतील, करणारही नाहीत. "झालं गेलं, आता भावाशी बोल" म्हणून हात हातात देणारे पाहुणे मी पाहिलेत, त्यानं तिढा आणखी वाढतो. तोवर दोन चुली राहिल्या तरी चालेल. शेताचं काम कुणी कुणाबरोबर करायचं हे थोरल्यानं ठरवून द्यावं, म्हणजे रोज समोरासमोर येणं टळतं.

बाहेरचं बघणं

घरात दोष ठेवायला जागा उरली नाही की तो बाहेर जातो. कुणीतरी म्हणतं, "एकदा बाहेरचं बघून या." देवऋषी सांगतो, करणी झालीय, बाई तुमच्या पूर्वेच्या अंगाला राहते. पूर्वेच्या अंगाला एखादी विधवा राहत असतेच. नाहीतर सून पांढऱ्या पायाची ठरते, नाहीतर मूल मूळ नक्षत्रावरचं होतं म्हणतात.

आपल्या शेजारच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्या असल्या गोष्टींवर कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या बाईला चेटकीण ठरवणं, करणी केली म्हणून तिला त्रास देणं हा त्यात गुन्हा आहे. पण दुःखातल्या घराला कायदा दाखवून काही होत नाही. मी एवढंच करायचे: देवऋष्याकडं जायला निघालेल्या माणसाबरोबर आपलं एक माणूस द्यायचे, नाव कुणाचं निघालं ते गावात फुटू नये म्हणून. देवाला नारळ फोडायचा असेल तर फोडू द्या. माणसाचं नाव घेऊ द्यायचं नाही.

भावंडं

भांडणात "मर जा" म्हणालेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल खरंच मेलेलं असतं. भावंडाला वाटतं आपल्या म्हणण्यानं झालं. ते सांगत नाही. अंथरुणात लघवी करायला लागतं, पोटात दुखतं म्हणतं, शाळेत जात नाही. त्याला जवळ घेऊन न विचारता सांगा: "तुझ्यामुळं झालं नाही. तू बोललास म्हणून झालं नाही." पुन्हा पुन्हा सांगा. "झोपलाय", "देवाघरी फिरायला गेलाय" असं सांगू नका, मग ते झोपायला घाबरतं. मेला, आता परत येणार नाही, हे साध्या शब्दांत सांगा. बाईंना शाळेत आधी कळवा. आणि "जरा बाळाकडं बघ" असं आठ वर्षांच्या पोरीला सांगितलं होतं, हे तिच्यासमोर उगाळू नका. ती जबाबदारी तिची नव्हतीच.

औषधाच्या खोलीला कुलूप

हे पहिल्याच दिवशी करायचं, वाचताना मागं आलं असलं तरी. बागायतदाराच्या घरात फवारणीचं औषध असतंच. ते सगळं उचलून दुसऱ्याच्या घरी न्या, निदान कुलूप लावून किल्ली लांबच्या माणसाकडं द्या. विहिरीवर, तळ्यावर एकट्यानं जाऊ देऊ नका. बाप चार दिवसांत बागेत जायला लागतो, सगळे म्हणतात सावरला बघा. तो बोलत नसेल, रात्री उठून बसत असेल, रोज पीत असेल, नाहीतर अचानक हिशेब मिटवायला, वस्तू वाटायला लागला असेल, तर सावरलेला नाही. "मी पण त्याच्याकडं जाते" हे आई रडताना म्हणते, ते हलक्यात घेऊ नका. सरळ विचारा: "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं डोक्यात येत नाही, असलेलं बाहेर पडतं. आलं तर एकटं सोडू नका. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीत बोलता येतं. सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात नाहीतर साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात घेऊन जा.

माहेर, आणि "दुसरं होईल"

दुःख हलकं व्हावं म्हणून सुनेला माहेरी धाडतात. आठ दिवस ठीक. महिनेच्या महिने ठेवलं की दोन गावांत दोन हकीकती तयार होतात, आणि नंतर बैठकीला बसावं लागतं ते वेगळ्याच कारणासाठी. नेणार असाल तर जावयालाही न्या.

मुलाचे कपडे, चप्पल, दप्तर ती झोपलेली असताना हलवू नका. कधी हलवायचं ते तिला ठरवू द्या.

"दुसरं होईल" कुणीही म्हणू नये. ऑपरेशन झालेलं असेल तर "तुलाच घाई होती ऑपरेशनची" हा टोमणा येतो, आणि तो ऐकलेल्या बायका उपकेंद्रात येऊन माझ्यापुढं रडल्यात. नळ्या पुन्हा जोडायची शस्त्रक्रिया असते, पण प्रत्येकीला यश येतंच असं नाही. ती करायची का, पुन्हा मूल हवं का, हे नवरा-बायकोनं ठरवायचं. सासूनं नाही, आणि आम्ही नर्सनीही नाही.

तळ्याच्या कुंपणाबद्दल त्या घरात सल्ला द्यायला जाऊ नका. "जाळी मारली असती तर" हे त्यांना तुमच्या आधी कळलेलं आहे. सांगायचं तर गावातल्या बाकीच्यांना सांगा. चारी बाजूंनी जाळी, फाटकाला लहान मुलाचा हात पोचणार नाही इतकी उंच कडी, चारी कोपऱ्यांतून पाण्यापर्यंत सोडलेला गाठींचा जाड दोर, काठाला बांधलेली हवा भरलेली ट्यूब. ज्याचं ज्याचं तळं आहे त्यानं ह्याच आठवड्यात करून टाका.